लिस्बनमध्ये पाच दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्पेन-पोर्तुगालच्या सहलीत लिस्बनच्या वाट्याला बहुतेक वेळा दीड दिवस येतो. बसमधून उतरून बेलेमचा बुरूज, एक फोटो, कस्टर्डचा टार्ट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेव्हिलकडे प्रस्थान. ज्या शहरातून आपल्या किनाऱ्यावर साडेचारशे वर्षं हुकूम सुटत होते, त्या शहराला दीड दिवस देऊन काहीच हाती लागत नाही. पाच पूर्ण दिवस काढा. स्वतःच्या स्वतः फिरायला लिस्बन अगदी सोपं आहे, आणि ते पायीच कळतं.

शहर पाहायचे माझे दोन नियम आहेत. पहिला पायांचा: दिवसाला एकच टेकडी, वर यंत्राने चढायचं आणि खाली चालत उतरायचं. दुसरा नजरेचा: समोर जे दिसतं ते १७५५ च्या आधीचं की नंतरचं, हे प्रत्येक ठिकाणी विचारायचं. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली आणि मेणबत्त्या पेटलेल्या असताना इथे प्रचंड भूकंप झाला. माणसं मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावली, तर तिथे समुद्राची लाट आत शिरली. उरलंसुरलं शहर पुढचे काही दिवस जळत राहिलं. आजचं लिस्बन म्हणजे त्या दिवशी पडलेलं, वाचलेलं आणि नव्याने बांधलेलं अशी तीन शहरं आहेत. हे डोक्यात असलं की गल्ल्यांचा गुंता आपोआप सुटतो.

निघण्यापूर्वी

काळ निवडताना एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर धरा. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिना आपल्याला सोयीचा पडतो आणि हवाही उत्तम असते. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, गर्दी त्याहून कडक. नोव्हेंबरपासून पाऊस असतो, आणि इथल्या पांढऱ्या दगडांच्या फरसबंदीवर पाऊस म्हणजे घसरगुंडी. १२-१३ जूनला संत अँथनीचा उत्सव असतो. सगळं शहर रस्त्यावर उतरतं, गल्लोगल्ली सार्डिन मासे भाजतात. उत्सव बघायचा असेल तर जरूर जा, पण खोल्या महाग होतात आणि वासाचं वावडं असणाऱ्यांचे हाल होतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत एकच चालणारा, अल्पमुदतीचा. प्रौढांना शुल्क ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन-अडीच महिने हाताशी ठेवा, कारण उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा. दोन-तीन देश करणार असाल, तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा.

भारतातून लिस्बनला थेट विमान नाही. दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर युरोपात शिरण्याची तपासणी लिस्बनलाच होते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर ती तिथे होते. तेव्हा मधल्या विमानतळावर अडीच-तीन तासांपेक्षा कमी वेळाचं तिकीट काढू नका. १२ ऑक्टोबर २०२५ पासून पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांगा लांबल्या आहेत.

सामानात सर्वांत महत्त्वाची वस्तू बूट. तळाला पकड असलेले, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले. तिथली फरसबंदी मुठीएवढ्या चुनखडी दगडांची असते आणि वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली असते. नव्या किंवा सपाट तळाच्या बुटांनी दुसऱ्या दिवशीच गुडघे बोलू लागतात. विजेची खाच गोल दोन पिनांची असते, तेव्हा आपल्या तीन पिनांच्या चार्जरसाठी अडॅप्टर इथूनच न्या.

राहायचं कुठे

शहराचा सखल भाग म्हणजे बायशा. त्याच्या कडेने किंवा मेट्रोच्या निळ्या-हिरव्या मार्गावरच्या एखाद्या स्टेशनजवळ खोली घ्या. अल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीतली घरं फोटोत मोहक दिसतात, पण तिथे गाडी दारापर्यंत जात नाही. पन्नास-साठ पायऱ्या बॅग उचलून चढाव्या लागतात आणि चौथ्या मजल्याला लिफ्ट नसते. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर हा मोह टाळाच. बायरू आल्तु भाग रात्री उशिरापर्यंत गजबजलेला असतो, तिथे झोप मिळत नाही. आरक्षण करताना ‘लिफ्ट आहे का’ आणि ‘मेट्रो किती मिनिटांवर’ एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ झालं.

शहराचा पर्यटक कर माणशी दर रात्री ४ युरो आहे, जास्तीत जास्त सात रात्रींपर्यंत. तेरा वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही. खोलीच्या भाड्यात तो बहुधा धरलेला नसतो.

उतरल्यावर पहिलं काम: कार्ड

विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रोचा लाल मार्ग तिथूनच सुरू होतो. यंत्रातून ‘नावेगांते’ नावाचं कार्ड घ्या. कोरं कार्ड ५० सेंटचं. माणशी एक कार्ड लागतं, दोघांत एक चालत नाही. त्यात दोन प्रकारे पैसे भरता येतात. एक म्हणजे २४ तासांचा पास, साधारण सात युरोंच्या घरात. तो मेट्रो, बस, ट्राम सगळीकडे चालतो. दुसरा प्रकार ‘झॅपिंग’, म्हणजे रक्कम भरून ठेवायची आणि प्रत्येक प्रवासाला ती कापली जाते. झॅपिंग होडीला आणि उपनगरी गाड्यांनाही चालतं. ज्या दिवशी सारखी चढ-उतार असेल त्या दिवशी पास, बाकी दिवशी झॅपिंग. दोन्ही एकाच कार्डात मिसळत नाहीत, म्हणून ज्याला दोन्ही हवं त्याने दोन कार्डं ठेवावीत. ट्राममध्ये चढून रोख तिकीट काढलं तर जवळपास दुप्पट पडतं.

संग्रहालयांसह येणारं ‘लिस्बोआ कार्ड’ सरसकट घेऊ नका. बेलेम, टाइल्सचं संग्रहालय आणि सिंत्रा या जवळच्या राजवाड्यांच्या गावाची रेल्वे एकाच दोन-तीन दिवसांत बसवणार असाल तरच ते परवडतं.

रोख पैसे ‘मल्टिबांको’ लिहिलेल्या, बँकेच्या भिंतीतल्या यंत्रातून काढा. थोडी रोकड खिशात हवीच, कारण छोट्या कॅफेंमध्ये कधीकधी फक्त पोर्तुगीज कार्डच चालतं.

पहिला दिवस: पडलेलं आणि पुन्हा उभं राहिलेलं शहर

प्रवासाचा थकवा असतो, म्हणून पहिला दिवस सपाटीवर. नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सिओ या विशाल चौकापासून सुरुवात करा. तिन्ही बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, चौथ्या बाजूला तेजो नदी. भूकंपापूर्वी इथे राजवाडा होता, आणि त्याच्याच आवारात ‘काझा दा इंडिया’ हे पूर्वेकडच्या व्यापाराचं मुख्य कार्यालय. मलबारची मिरी, श्रीलंकेची दालचिनी, गोव्याहून आलेली जहाजं, सगळ्याचा हिशेब इथे होई. १७५५ मध्ये राजवाडाही गेला आणि ती कागदपत्रंही गेली. आज तिथे उभं राहिल्यावर दिसतो तो राजाचा मंत्री पोंबालचा मार्क्विस याने भूकंपानंतर उभारलेला चौक आणि मध्ये राजा जोसेचा घोड्यावरचा पुतळा, १७७५ चा.

चौकातून कमानीखालून आत शिरलात की सरळ, काटकोनातल्या रस्त्यांचं बायशा लागतं. पुण्यात तांबट आळी, कासार आळी, तसे इथले रस्ते धंद्यांच्या नावाचे: सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा, कापडवाल्यांचा. बाहेरून सगळ्या इमारती एकसारख्या दिसतात. खरी करामत भिंतीच्या आत आहे. पुन्हा भूकंप झाला तर घर लवचिक राहावं म्हणून प्रत्येक घराच्या दगडी भिंतीत तिरप्या तुळयांचा लाकडी सांगाडा बसवला. त्याला पिंजराच म्हणतात. भूकंपाचा विचार करून अख्खा शहरभाग बांधण्याचा युरोपातला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. या घरांखालचा पाया डोळ्यांनी पाहायचा असेल तर रुआ दोस कोरेएरोस रस्त्यावर एका बँकेच्या तळघरात पुरातत्त्व केंद्र आहे. रोमन काळातल्या मासे खारवायच्या टाक्या आणि त्यांच्यावर पोंबालच्या काळात ठोकलेले लाकडी खांब एकाच ठिकाणी दिसतात. प्रवेश मोफत आहे, पण गटागटाने आत सोडतात, म्हणून आधी नोंदणी करा. इतकं चांगलं ठिकाण आणि तरी बहुतेक लोक वरून चालत निघून जातात.

पुढे रॉसिओ चौक, लाटांच्या नक्षीची काळी-पांढरी फरसबंदी. उत्तरेला जे राष्ट्रीय नाट्यगृह दिसतं, त्या जागी इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, मुख्यालय होतं. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत जे इन्क्विझिशन चाललं, त्याची मूळ संस्था ही. बाजूलाच साओ दोमिंगोस चर्च आहे. आत नक्की जा. १९५९ मध्ये इथे आग लागली. नंतर छप्पर नवं घातलं, पण खांब तसेच ठेवले. उष्णतेने तडकलेले, कडा उडालेले, काही ठिकाणी कोळशासारखे काळवंडलेले, काही ठिकाणी भाजल्या विटेसारखे लाल. जवळ जाऊन पाहिलं तर दगडाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. चर्चच्या बाहेरच्या चौकात १५०६ मध्ये इथे मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे.

संध्याकाळी वर शियादोला जायचं. इथली युक्ती लक्षात ठेवा: ‘बायशा-शियादो’ मेट्रो स्टेशनचं एक दार खाली बायशात उघडतं आणि दुसरं वर शियादोत. मधले लांबलचक सरकते जिने टेकडी चढवून देतात. सांता जुस्ता या १९०२ च्या लोखंडी लिफ्टसाठी तास-तासभर रांगेत उभं राहण्याचं कारण नाही. तिच्या वरच्या टोकाशी कार्मोच्या चौकातून चालत जाता येतं. कार्मोचा मठ मात्र चुकवू नका. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे गॉथिक चर्च भूकंपात कोसळलं आणि त्याचं छप्पर पुन्हा घातलंच नाही. टोकदार कमानी उभ्या, वर उघडं आकाश, खाली गवत. रविवारी बंद असतं. याच चौकातल्या रिपब्लिकन गार्ड या निमलष्करी दलाच्या मुख्यालयात २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाहीचा शेवटचा प्रमुख मार्सेलो काएतानो शरण आला.

दुसरा दिवस: वाचलेलं शहर

किल्ल्याच्या टेकडीवर चढायला रुआ दोस फांकेरोस रस्त्यावरची सार्वजनिक लिफ्ट वापरा. तिथून पुढे एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे. दोन्ही मोफत. साओ जोर्ज किल्ला ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो हेन्रिक्स याने मूर, म्हणजे मुसलमान, राज्यकर्त्यांकडून घेतला. पण आज दिसणारी तटबंदी बरीचशी विसाव्या शतकातल्या जीर्णोद्धाराची आहे आणि तिकीट महाग आहे. सह्याद्रीतले गडकोट पाहिलेल्या माणसाने वेळ कमी असेल तर तो सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा सांता लुझिया आणि पोर्तास दो सोल या दोन सज्जांवर वेळ द्या. सांता लुझिया चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे. काल पाहिलेला नदीकाठचा चौक, पण भूकंपाच्या आधीचा, राजवाड्यासकट. पहिला दिवस बायशाला द्यायचा तो यासाठीच. हे चित्र मग वाचता येतं.

इथून खाली अल्फामात उतरा, नकाशा खिशात ठेवून. इथे खडक भक्कम, म्हणून भूकंपात हा भाग बराचसा टिकला. उतरत राहिलात की नदी येतेच, त्यामुळे हरवण्याची भीती नाही. वाळत घातलेले कपडे, दारात बसलेल्या आजीबाई, हे लोकांचं घर आहे हे ध्यानात ठेवून आवाज बेताचा ठेवा आणि खिडक्यांत कॅमेरा घालू नका.

कॅथेड्रलजवळ आल्जुब नावाचं संग्रहालय आहे. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तिथे त्या हुकूमशाहीचा आणि प्रतिकाराचा इतिहास मांडला आहे. गोवा मुक्तिसंग्राम ज्याला आपला वाटतो त्याने दोन तास इथे द्यावेत. आग्वादच्या कोठड्या आणि या कोठड्या एकाच यंत्रणेच्या होत्या, हे भिंतीसमोर उभं राहिल्यावर जसं कळतं तसं वाचून कळत नाही.

रात्री फादो, म्हणजे लिस्बनचं करुण गाणं. जेवणासह फादो ऐकवणाऱ्या जागा महाग असतात, तेव्हा टेबल धरण्याआधी किमान किती खर्च करावा लागेल ते विचारा. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात, वाढपी जागच्या जागी थांबतात आणि कुणी बोलत नाही. आपणही काटा-चमचा खाली ठेवायचा, मोबाइल आत.

तिसरा दिवस: बेलेम

सोमवार सोडून कुठलाही दिवस, आणि सकाळी लवकर. सोमवारी इथली बहुतेक संग्रहालयं बंद असतात. बायशातून १५ नंबरची ट्राम किंवा काइश दु सोद्रे स्थानकातून कास्काइशची रेल्वे. रेल्वेत गर्दी कमी आणि वेळही कमी लागतो.

जेरोनिमोस मठ हे बेलेमचं मुख्य प्रकरण. मानुएल राजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू केलं आणि पैसा आला पूर्वेकडच्या मालावरच्या करातून, सुमारे विसाव्या हिश्शाने. ‘मिरीचा विसावा’ असंच त्याला म्हणत. मलबारात वेलीवरून उतरवलेल्या मिरीतून हे दोर, हे प्रवाळ, ही कोरलेली पानं घडली आहेत. चर्चच्या दाराशीच, डाव्या हाताला वास्को द गामा आणि उजव्या हाताला कवी लुईस द कामोंइश यांच्या समाध्या. गामा वारला कोचीला, १५२४ मध्ये. त्याचे अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि १८८० मध्ये इथे ठेवले. कामोंइश तर काही वर्षं गोव्यातच होता. अंगणाभोवतीचे दुमजली सज्जे पाहायला वेगळं तिकीट लागतं. ते ऑनलाइन वेळ धरून काढा, नाहीतर उन्हात तास मोडतो.

नदीत उभा असलेला बेलेमचा बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केला होता, तेव्हा जाण्याआधी तो उघडा आहे का ते बघा. आत नाही गेलात तरी फारसं बिघडत नाही, पण बाहेरून एक गोष्ट शोधा. पश्चिमेकडच्या टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. वारा-पाण्याने झिजलं आहे, शिंग ओळखू येत नाही, तरी मान आणि जबडा कळतो. हा गेंडा आपल्याकडचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने तो गोवा जिंकणारा पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सो द आल्बुकेर्क याला नजर केला. १५१५ च्या जानेवारीत तो जहाजाने निघाला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने जिवंत गेंडा पाहिला तो हाच. त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून गेंडा मेला. न्यूरेंबर्गमध्ये बसून, गेंडा कधीही न पाहता, आल्ब्रेख्त ड्यूररने त्याचं जे लाकडी ठशाचं चित्र काढलं ते जगभर गेलं.

कस्टर्डचे टार्ट १८३७ पासून विकणारं दुकान मठाच्या शेजारीच आहे. बांधून नेणाऱ्यांची रांग लांब दिसते. आत बसायला मोठी दालनं आहेत, तिथे अनेकदा लवकर जागा मिळते. अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ते कस्टर्ड अंड्याच्या बलकाचंच असतं.

चौथा दिवस: राण्या, राजे आणि टाइल्स

शक्यतो हा दिवस मंगळवारी किंवा शनिवारी ठेवा, कारण त्या दोन दिवशी सांता क्लाराच्या मैदानावर जुना बाजार भरतो. लागूनच साओ विसेंत द फोरा हा मठ. मुंबईकराने इथे यायलाच हवं. जुन्या भोजनगृहात ब्रागांसा राजघराण्याच्या समाध्या आहेत आणि त्यांत एक कॅथरीनची. १६६१ च्या करारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला तिच्या हुंड्यात टँजिअर आणि मुंबई दिली गेली, ती हीच राजकन्या. नवरा वारल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये वारली. त्याच दालनात पाचवा जुआंव आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा गादीवर हाच राजा होता. वसईच्या चर्चमधल्या घंटा आज आपल्या देवळांत वाजतात, आणि त्या उतरवल्या गेल्या तेव्हा वसईवर ज्याचं राज्य होतं तो राजा इथे दगडाखाली निजला आहे. मठाच्या गच्चीवरून नदीचं दृश्यही किल्ल्यावरच्या दृश्याला मागे टाकतं.

दुपारी अझुलेजो म्हणजे टाइल्सचं राष्ट्रीय संग्रहालय. १५०९ मध्ये स्थापन झालेल्या जोगिणींच्या मठात ते आहे. सगळं सावकाश पाहा, पण वरच्या मजल्यावरच्या एका पट्ट्यासाठी अर्धा तास राखून ठेवा. सुमारे २३ मीटर लांब, निळ्या टाइल्सवर रंगवलेलं अख्खं लिस्बन, भूकंपापूर्वीचं. राजवाडा, चर्चचे मनोरे, काठाला लागलेली जहाजं, घर न घर. तीन दिवस पायी तुडवलेल्या जागा त्यात बोटाने दाखवता येतात. दुरुस्तीसाठी या शहरातली संग्रहालयं अधूनमधून बंद होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री त्यांचं संकेतस्थळ पाहण्याची सवय ठेवा.

हाताशी वेळ उरला तर २८ नंबरची ट्राम. तिचा मार्ग सुंदर आहे आणि तिच्यातले पाकीटमारही तितकेच हुशार आहेत. मार्तिम मोनिझला मोठी रांग असते. सकाळी आठच्या आधी काम्पो द ओरिके या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा, खिडकी मिळते. पिशवी पोटाशी, पासपोर्ट खोलीत.

उतारावरच्या रुळांवर चालणाऱ्या जुन्या फ्युनिक्युलर गाड्यांपैकी ग्लोरियाला ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात झाला आणि १६ माणसं मृत्युमुखी पडली. त्यानंतर या गाड्या थांबवण्यात आल्या. तुम्ही जाल तेव्हा कुठली चालू आहे ते तिथेच विचारा आणि बेत त्यांच्यावर बांधू नका.

पाचवा दिवस

बहुतेक जण सिंत्राला जातात. रॉसिओ स्थानकातून ४० मिनिटं. पेना राजवाड्याचं वेळेचं तिकीट आधी काढा, सकाळची पहिली खेप धरा आणि एका दिवसात दोनच वास्तू पाहा.

मला मात्र कास्काइशचा किनारी रेल्वेमार्ग जास्त जवळचा वाटतो. काइश दु सोद्रेहून गाडी नदीच्या कडेकडेने जाते आणि बेलेमच्या पुढे काही स्थानकांवर काशियास लागतं. इथल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचा हा तरुण गोवा मुक्तीसाठी लढताना पकडला गेला, पोर्तुगालला पाठवला गेला, आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही कैदेतच राहिला. सुटका झाली जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडक्यांनी इथे महाराष्ट्रात जिवाचं रान केलं. काशियासला पर्यटकांनी पाहावं असं काही नाही, तुरुंग आजही तुरुंगच आहे. तरी ते स्थानक आलं की नाव वाचा, मुलं सोबत असतील तर त्यांना सांगा, आणि पुढे कास्काइशला जाऊन समुद्रावर दुपार घालवा.

पोटाचं काय

शाकाहारी माणसाचं अडत नाही, पण विचारावं लागतं. ‘सेम कार्ने, सेम पेइशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे दोन्ही सांगा, कारण नुसतं मांस नको म्हटलं तर मासा येतो. काल्दो व्हेर्दे हे हिरव्या पानांचं सूप वरून निरुपद्रवी दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. कॅफेच्या काउंटरवर ‘शामुसा’ दिसेल. तो आपला समोसाच, गोव्यामार्गे आणि मोझांबिकमार्गे तिकडे गेलेला. बहुधा खिमा भरलेला असतो, भाजीचा आहे का ते विचारून घ्या. मोरारिया भागात गोवेकरांच्या हातचं शाकुती आणि सोरपोतेल मिळतं. मार्तिम मोनिझच्या आसपास डाळ-तांदूळ, कणीक, मसाले विकणारी दुकानं आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर पिठलं-भात करायला काही कमी पडत नाही.

उपाहारगृहात बसताच टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत करा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दुपारी ‘प्राटो दो दिया’ म्हणजे त्या दिवशीचं ताट मागवलं तर कमी पैशांत पोटभर होतं. रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी मिळणं कठीण. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’, बाईने ‘ओब्रिगादा’. स्पॅनिशमध्ये ‘ग्रासियास’ म्हणू नका, लोक हसून सोडून देतात पण त्यांना ते आवडत नाही.

बायशात कुणी हळूच जवळ येऊन अमली पदार्थ देऊ करतो. मान हलवून चालत राहायचं, थांबायचं नाही. अडचण आली तर ११२ हा क्रमांक. पर्यटकांसाठी पोलिसांची वेगळी चौकी रेस्ताउरादोरेस चौकातल्या फोझ राजवाड्यात आहे.

परतीच्या दिवशी

मेट्रो सकाळी साडेसहाला सुरू होते. त्याआधीचं विमान असेल तर रात्रीच टॅक्सी ठरवून ठेवा. एका दुकानातून मोठी खरेदी केली असेल आणि करपरतीचा कागद घेतला असेल, तर विमानतळावर सामान सोपवण्याआधी त्याचं यंत्र शोधा. बॅग आत गेल्यावर वस्तू दाखवता येत नाही. लिस्बनहून थेट दुबई किंवा इस्तंबूलला जाणाऱ्यांची पासपोर्ट तपासणी इथेच होते आणि तिथल्या रांगा कुप्रसिद्ध आहेत, म्हणून निदान तीन तास आधी पोचा. सार्डिनचे डबे हातसामानातून नेऊ नका, तेल-रसा असलेले डबे सुरक्षा तपासणीत अडकतात. ते मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. टाइल्स घेतल्या असतील तर उलटं करा. त्या हातसामानात, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून.